येसू सुतारणीचं लंगडं जू

आपल्या पणजीची पणजी अजून परकरात हिंडत होती, त्या काळची ही गोष्ट आहे. वाघजाळी गावात तेव्हा येसू नावाची एक सुतारीण राहायची. नवरा लवकर गेला, तसा त्याचा वाकस तिनं उचलला. बाईमाणूस लाकूड तासतं म्हणून गावानं थोडे दिवस नाकं मुरडली, मग ज्याचा त्याचा नांगर मोडला की तो गुपचूप तिच्याच दाराशी आणून ठेवू लागला. येसू बैलाच्या खांद्यावर हात ठेवायची आणि डोळे मिटायची. त्याला किती ओढवेल हे तिला हातातूनच कळायचं. तिनं केलेल्या जुवाखाली कधी कुठल्या बैलाचा खांदा सुजला नाही, असं म्हणतात.

गावाच्या दोन आळ्या होत्या आणि मधून ओढा वाहत होता. वरच्या आळीत येसू राहायची. खालच्या आळीत तिची एकुलती एक लेक, मंजुळा, दिलेली होती. येसूच्या अंगणातून हाक मारली तर मंजुळाच्या चुलीपर्यंत पोचावी, इतकं जवळ. पण हाक मारायची सोय राहिली नव्हती. एका बेंदराला मिरवणुकीतला पहिला बैल कुणाचा, यावरून वेशीतच दोन्ही आळ्यांची भांडणं जुंपली. वरच्या आळीची उंच पांढरी खिलारं, खालच्या आळीची ठेंगणी काळी गावठी बैलं. "आमच्या पुढं ही शेरडं चालणार व्हय?" असं वरच्या आळीचे रंभाजी पाटील म्हणाले, आणि त्या दिवसापासून ओढा कुणी ओलांडेना. इकडचा विस्तव तिकडं जाईना. मंजुळाला दोन लेकरं झाली, ती येसूनं पलीकडच्या काठावरूनच पाहिली.

मग बुळकांडी आली.

बैलांच्या तोंडातून लाळ गळायला लागायची, डोळे चिकटायचे आणि सकाळी बैल उठायचाच नाही. कितीतरी दावणी ओस पडल्या. आधी ओढून नेताना माणसं रडायची, मग नुसती ओढून न्यायची. गावात घुंगरमाळांचा आवाज कायमचा होता, पहाटे पाण्याला जाताना, दिवेलागणीला परतताना. तो थांबला. आवाजानं माणूस दचकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण वाघजाळीत तेव्हा माणसं आवाज न आल्यानं दचकून उठत होती, असं म्हणतात.

रोग ओसरला तेव्हा ज्याच्या दावणीला चार होते त्याला एक उरला होता, आणि ज्याला दोन होते त्याला बहुधा काहीच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या साली पाऊस अगदी वेळेवर आला. रानं भिजली, वाफसा झाला, जमीन नांगर मागत होती. एका बैलानं नांगर चालत नाही. वरच्या आळीत पांढरे बैल एकेकटे उभे होते आणि खालच्या आळीत काळे. दोन्हीकडची माणसं आपापल्या बांधावर उभी राहून ओल उडून जाताना बघत होती.

एका सकाळी मंजुळा ओढ्याच्या काठावर आली. चोरून नाही, उघड आली.

"आयं," तिनं पलीकडून हाक दिली, "आमी चाललो."

"कुठं गं?"

"मामंजी म्हणत्यात, घाटाखाली. सगळी आळीच निघालीया. पेरलंच न्हाई तर हितं काय दगडं खायाची? गाड्या तेवढ्या बांधल्यात, त्या बी आमीच वढायच्या."

 येसू घरी गेली आणि दारातली बाभूळ तोडायला लागली. ती बाभूळ तिच्या नवऱ्यानं लावलेली होती.

त्या बाभळीचं तिनं जू केलं. पण नांगराची दांडी बांधायची खाच मधोमध पाडली नाही. एका अंगाला सरकवून पाडली. एक बाजू आखूड, एक बाजू लांब. आखूड बाजूच्या बैलावर ओढ जास्त येते आणि लांब बाजूच्यावर कमी. लांब बाजूला तिनं कुंकवाचं बोट लावलं, खूण म्हणून. आणि ते लंगडं जू खांद्यावर घेऊन ती रंभाजी पाटलांच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली.

"पाटील, तुमचा एक आन् माझ्या व्याह्याचा एक. कुंकवाखाली काळ्या."

पाटलांनी जू उलटंपालटं करून बघितलं. "म्हंजी माझ्या बैलानं वडायचं आन् त्येंच्या बैलानं नुसतं फिराया यायचं?"

"तुमचा खातो बी जास्त, पाटील."

ओसरीवरची माणसं हसली. किती तरी दिवसांनी कुणी हसलं होतं. पाटील हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. त्यांचंही रान पडूनच होतं.

ओढ्यापलीकडं येसूचे व्याही ठकाजी गाडीला दोर आवळत होते. येसू ओढा उतरून आली, तेव्हा सगळी आळी हातातलं काम टाकून बघत राहिली. तिनं जू दाखवून पाटलांच्या बैलाचं सांगितलं.

"विहीणबाई," ठकाजी म्हणाले, "पाटलाचा बैल आमच्या रानात हागला तर पाटील शेण मागाय येतील."

"आले तर मी देईन माझ्या गोठ्यातलं. तुमी गाडी सोडा."

ठकाजींनी मंजुळाकडं बघितलं, नातवंडांकडं बघितलं, आणि दोर सैल केला.

मान म्हणून पाटलांचं रान आधी धरलं. पांढऱ्या आणि काळ्या एका जुवाखाली चालले. उंच आणि ठेंगणा, लांबून बघणाऱ्याला हसू यावं असं ध्यान, पण नांगर सरळ चालला. ते बघून दुसरी माणसं येसूकडं आली. ती बैलांचे खांदे चाचपायची आणि सांगायची, तुझा याच्याशी, याचा त्याच्याशी. ज्याच्याकडं बैल नव्हता त्यानं बी द्यायचं, ज्याच्याकडं बीही नव्हतं त्यानं हात द्यायचे. ओढ्यात पुन्हा पायवाट पडली. बांधावर दोन्ही आळ्यांच्या भाकरी एकाच फडक्यात सुटायला लागल्या. तेवढे दिवस बरे गेले, एवढंच म्हणता येईल.

मग ठकाजींच्या रानाची पाळी आली. ओढ्याकाठची काळी, चिवट जमीन. रंभाजी पाटील स्वतःचा बैल घेऊन सकाळी सगळ्यांच्या आधी तिथं आले. त्यांच्या मनात वाईट होतं असं कुणी म्हणत नाही. त्यांना भीती होती. त्यांच्या एकेकाळच्या भरल्या गोठ्यात तो एकच उरला होता, आणि आपलं रान तर झालं होतं. त्यांनी कुंकवाचं बोट पुसलं, आखूड बाजूला नवं लावलं आणि जू फिरवून ठेवलं. एवढंच केलं. येसू तेव्हा दुसऱ्या बांधावर कुणाची तरी जोडी लावून देत होती. मंजुळाच्या नवऱ्यानं कुंकू बघितलं आणि त्याच्याखाली काळ्या जुंपला.

काळ्यानं ओढलं. तो ओढत राहिला, कारण गावठी बैल थांबत नाही, तो पडतो. रानाच्या मध्यावर त्याचे गुडघे टेकले, मान जुवात अडकली आणि तोंड मातीत गेलं. येसू धावत आली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

मग तिनं जुवाकडं बघितलं. नंतर पाटलांकडं.

"पाटील, एकच उरलाय म्हणून केलं ना?"

पाटील खाली बघत राहिले. "व्हय," ते म्हणाले. असं म्हणतात की त्यानंतर त्यांचा आवाज पुन्हा कधी मोठा झाला नाही.

खालच्या आळीची माणसं जमली. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. आजूबाजूच्या रानांत ज्यांनी त्यांनी आपापला बैल सोडायला सुरुवात केली. बैलांच्या मानेखालच्या जोत्यांच्या गाठी एकामागून एक सुटत गेल्या. ठकाजी नुसतं एवढंच म्हणाले, "मंजुळा, पोरांना गाडीत बशिव."

तेव्हा येसूनं जू सरळ केलं. मेलेल्या काळ्याला तिनं बाजूला घ्यायला लावलं, पदर खोचला आणि वाकून लांब बाजूखाली स्वतःचा खांदा घातला.

"आयं, येडी झाली का तू?" मंजुळा ओरडली.

"ही बाजू हलकीच केलीया मी," येसू म्हणाली. "तुझं रान अर्ध्यात ऱ्हायलं तर कुणाचंच पुरं व्हनार न्हाई. नांगर धरा."

मंजुळाच्या नवऱ्याचे हात उठेनात. नांगर धरला तो रंभाजी पाटलांनी. रडत रडत धरला, असं म्हणतात.

पांढऱ्या बैलानं एकदा तिच्याकडं मान वळवली आणि आपलं पाऊल तिच्या पावलाएवढं आखूड केलं. ती चालली. बघणाऱ्यांनी सांगितलंय की पहिल्या तासाला, नांगराच्या पहिल्या ओळीला, तिचा श्वास सगळ्या रानाला ऐकू येत होता. त्याच्या पुढच्या तासांना तो बारीक होत गेला. मग आभाळ खाली आलं, धुकं आणि झिमझिम एकत्र झाली, आणि त्यात नुसता पांढरा बैल दिसत होता, आणि जू. ज्यांनी आपले बैल सोडले होते त्यांनी काही न बोलता पुन्हा जुंपले, पांढऱ्याशेजारी काळा, काळ्याशेजारी पांढरा. सबंध शिवारात माणसाचा शब्द नव्हता.

शेवटचं तास बांधाला लागलं आणि पाटील म्हणाले, "झालं, येसूकाकी. सोडा आता."

जुवाखाली कुणी नव्हतं.

एका बाजूला पांढरा बैल उभा होता. दुसरी बाजू रिकामी होती, पण ती खाली पडली नव्हती. खांद्याच्या उंचीवर जू तसंच समतोल तरंगत होतं, असं म्हणतात. मंजुळानं रानभर हाका मारल्या. ओढा धुंडाळला, विहिरी बघितल्या, बाभळीच्या बुंध्यापाशी जाऊन बघितलं. मातीत बैलाच्या खुरांशेजारी बाईच्या अनवाणी पावलांची ओळ होती आणि ती बांधापर्यंत येऊन संपत होती. मंजुळानं हात लावला तेव्हा जू हळूच खाली आलं.

गाव राहिलं. त्या साली ज्वारी भरघोस आली, पण मंजुळानं त्या रानातली हुरड्याची पहिली कणसं कधी तोंडात घातली नाहीत. तिच्या लेकींनीही नाही.

आजही वाघजाळीत आपलीच जोडी जुंपून कुणी पहिलं तास मारत नाही. एक बैल घरचा, दुसरा ओढ्यापलीकडचा. खाच सरकवलेलं जू, आणि त्याची लांब बाजू परक्याच्या बैलाला. कुंकू लावतो तो बैल देणारा, घेणारा नाही, आणि लावताना दोन्ही आळ्यांची दोन माणसं समोर लागतात. पहिलं तास पुरं होईपर्यंत बोलायचं नसतं. मग हळद आधी परक्याच्या बैलाच्या खांद्याला. बी, औजारं आणि आताशा ट्रॅक्टरसुद्धा दोन्ही आळ्यांत मिळून एकच आहे. पण पहिलं तास ट्रॅक्टरचं नाही.

बैल आता पुन्हा कमी झालेत. रोगानं नाही, असेच. गेल्या साली वरच्या आळीत एकच पांढरा उरला होता आणि खालच्या आळीत एकही नव्हता. म्हाताऱ्यांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी पांढरा जुंपला, लांब बाजूला कुंकवाचं बोट लावलं आणि ती बाजू मोकळीच ठेवली. सगळं गाव बांधावर श्वास धरून उभं होतं.

बैल चालला. पाऊल आखूड टाकत चालला.