हवामानाखालचा पाहुणा

त्या प्रदेशातले तळे तीन वर्षे आटत चालले होते, आणि नव्या पाण्याची वाट फक्त समुद्राच्या पैलतीरावरच्या करकोच्यांना ठाऊक होती. म्हणून पंचांनी तिकडून एक करकोचा बोलावला. त्याची भाषा इथे एकट्या मंजिरी साळुंकीला येत होती. तिने ती शब्द न् शब्द पाठ केली होती, आणि सांगताना आपण एकही शब्द गाळत नाही याचा तिला अभिमान होता.

पंचांनी विचारले, "वाट अवघड आहे का?"

करकोचा हसून काहीतरी बोलला.

"तो म्हणतो, केकचा तुकडा आहे," मंजिरीने सांगितले.

पाहुण्याला भूक लागली असावी असे समजून सगळ्यांनी मासे आणले. वाट अगदी सोपी आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते. त्याने संकोचाने मासे खाल्ले.

निघायच्या सकाळी तो पंखात मान घालून बसला होता. काय झाले असे विचारल्यावर हळूच काही पुटपुटला.

"तो म्हणतो, मी जरा हवामानाखाली आहे."

पंचांनी वर पाहिले. ऊन कडक होते. त्यांनी लगेच त्याच्यावर गवताचे छप्पर घातले.

त्याला दाणापाणी नेणारी म्हातारी टिटवी, राधाक्का, म्हणाली, "मंजिरी, त्याचे डोळे बरे दिसत नाहीत गं. पुन्हा एकदा विचार ना."

"राधाक्का, भाषा मला येते की तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी करकोचा तेच शब्द अधिक क्षीण आवाजात बोलला. मंजिरीने छप्पर जाड करवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याच छपराखाली त्याने प्राण सोडला.

पुढे पैलतीरावरून एक बदक आले. त्याचे बोलणे मंजिरीने खालच्या आवाजात सांगितले, "आमच्याकडे अंगात कणकण असली की 'हवामानाखाली आहे' असं म्हणतात. तुमच्याकडे तापावरचा पाला नव्हता का?"

"होता की," राधाक्का म्हणाली. "काठावर भरपूर होता."

एवढे उत्तर मात्र मंजिरीला त्या भाषेत सांगता आले नाही.

हिवाळ्यात दुसरा करकोचा आला. तोवर तळ्याचे डबके झाले होते. उतरताच तो काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" पंचांनी विचारले.

आज वारा छान आहे, असे तो म्हणाला होता. मंजिरी पुढे गेली, आपला पंख त्याच्या छातीला लावला आणि अंगात कणकण तर नाही ना, ते बराच वेळ पाहत राहिली.