चकतीत अडकला झुपकीचा बदाम

एक होती खार. केवढीशी? तुझ्या ओंजळीत मावेल एवढीशी. शेपटी मात्र ही एवढी झुपकेदार! म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीला सापडला बदाम. तिचा पहिलाच बदाम! आता कुठे लपवू? कुठे लपवू?

अंगणात होती हौसाआत्याची सायकल. जाड जाड टायरची, गिअरची. पेडलपाशी तीन दातेरी चकत्या. मोठी, मधली, धाकटी. चकत्यांमध्ये छोटीशी फट. झुपकीने बदाम फटीत सरकवला. वरून पायाने दाबला. गच्च!

(तू नाही हं तिथे बोट घालायचं. दाते लागतात.)

थोड्या वेळाने लागली भूक. झुपकीने बदाम ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना!

"चकतीताई, चकतीताई, बदाम सोड ना!"

चकती म्हणाली, "मी नाही सोडणार. बोल्टांनी मला आवळलंय. आधी बोल्ट निघू देत."

झुपकी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. बोल्ट होते चार. चौघे भाऊ.

"बोल्टदादांनो, निघा ना! चकती बदाम सोडेना."

बोल्ट म्हणाले, "आम्ही नाही निघणार. आधी पाना फिरू दे."

झुपकी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. पाना पायरीवर पडला होता.

"पानाकाका, फिरा ना! बोल्ट निघेनात, चकती बदाम सोडेना."

पाना म्हणाला, "मी नाही फिरणार. आधी आत्याने मला धरायला हवं."

झुपकी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. आत्या ओट्यावर बसली होती. गालाला हात लावून.

"आत्या, आत्या, पाना धर ना! पाना फिरेना, बोल्ट निघेनात, चकती बदाम सोडेना."

आत्या म्हणाली, "अगं बाई, मला काय हौस आहे बसायची? टेकडीवर माझ्या शेळ्या वाट बघतायत. पण चढ आला की चेन पडते, खडाक! तीन तीन चकत्या हव्यात कशाला? एक पुरे! नवी आणलीय मी. पण ती दाराच्या आत, पिशवीत. पिशवीवर झोपलीय मनी. हलवलं की ओरबाडते मेली! मनी उठली, तर पाना धरते."

झुपकी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. मनीच्या जवळ गेली का? छे छे! मनी मांजर आहे ना. झुपकी लांब, कपड्यांच्या दोरीवर बसली. तिथूनच बोलली.

"मनीमावशी, उठ ना! आत्या पाना धरेना, पाना फिरेना, बोल्ट निघेनात, चकती बदाम सोडेना."

मनीने एकच डोळा उघडला. "मी नाही उठणार. दारातून ऊन येतंय. कसं छान गरम गरम! वाऱ्याने दार लोटलं, सावली पडली, तरच उठेन."

झुपकी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. वारा कुंपणावर लोळत होता.

"वारादादा, दार लोट ना! मनी उठेना, आत्या पाना धरेना, पाना फिरेना, बोल्ट निघेनात, चकती बदाम सोडेना."

वारा म्हणाला, "मी नाही लोटणार. मला कंटाळा आलाय. आधी कुणीतरी मला गुदगुल्या करायला हव्यात."

झुपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पोटात तर भूक, भूक, भूक! झुपकी कुंपणावर बसली आणि रडायला लागली. चिक चिक, चिक चिक!

आणि खार रडली की काय होतं? शेपटी उडते! चिक की उडाली. चिक की उडाली. झुपकेदार शेपटी लागली वाऱ्याच्या पोटाला.

"हू हू हूऽऽ! अगं, पुरे! हू हू हूऽऽ!"

वारा हसला, दार लोटलं, धाडकन! (दारात कुणाचं बोट नव्हतं. मी बघितलं.)

दार लोटलं, सावली पडली.
सावली पडली, मनी उठली. आळस दिला, आत निघून गेली.
मनी उठली, आत्याने पाना धरला.
पाना फिरला, कुई कुई.
बोल्ट निघाले, टण टण टण टण.
चकती सुटली, आणि...

टप्प! बदाम पडला!

"अगं बया!" आत्या म्हणाली. "माझी सायकल म्हणजे तुझी कोठी वाटली होय गं? घे, पळ!"

मग आत्याने जुन्या चकत्या काढल्या. नवी एकच बसवली. तिचे दाते कसे? एक जाड, एक बारीक. एक जाड, एक बारीक. चेन त्यात बसली घट्ट. आत्या निघाली टेकडीवर. चढ आला. चेन पडली का? नाही! आणखी चढ आला. पडली का? नाही!

"आले गं बायांनो!" आत्या ओरडली.

"बेंऽऽ!" शेळ्या ओरडल्या.

आणि झुपकी? झाडावर बसली. बदाम हातात. आता कुठे लपवू? कुठे लपवू?

कटर कटर. कटर कटर. लपवला पोटात!

आता नाही अडकायचा.