गाबोळीचा नैवेद्य

फार फार जुनी गोष्ट आहे. एका अफाट तळ्याच्या काठी ढिवरांची वस्ती होती. तळ्यात मासळी इतकी, की पाहुणा आला की आधी चुलीवर आधण ठेवायचं आणि मग जाळं घेऊन निघायचं.

वस्तीची एक रीत होती. आषाढात मासळीच्या माद्या अंडी घालायला काठच्या गवतात येत. तिथे त्या नुसत्या हातानेही धरता येत. त्यांच्या पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, तळ्याच्या देवीला नैवेद्य दाखवून घरोघरी खाल्ली जाई.

पुढे मासळी कमी होऊ लागली. लोक म्हणाले, देवी कोपली. त्यांनी नैवेद्य दुप्पट केला. मासळी आणखी घटली, तेव्हा चौपट केला. माणसं वाईट नव्हती हो, पण भ्यायलेल्याला सरळ गोष्ट दिसत नाही.

एका आषाढात नैवेद्याचा मान पुनाबाईकडे आला. ही एकटी राहणारी म्हातारी, पण जाळं फेकण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारी. दिवसभर गवत धुंडाळून तिला एकच मादी मिळाली. ती तिने घागरीत जिवंत आणली, देवीपुढे त्या मादीलाच हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांदेखत पुन्हा तळ्यात सोडली.

पाटील कडाडला, "पुनाबाई! देवीच्या तोंडचा घास काढला तू!"

"काहून जी पाटील? पोटुशी लेकीची आपण ओटी भरतो, अन् हिचं पोट चिरून देवीपुढं मांडतो. देवी बी बाईच आहे ना?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाटलाने ते पाहिलं. मग म्हणाला, "ठीक. तीन आषाढ गवतात कोणी उतरणार नाही. तोवर तुझं जाळं माझ्या घरी राहील. मासळी परतली नाही, तर तू वस्ती सोडायची."

"सोडीन," पुनाबाई म्हणाली.

तिने शिंगाडे विकून पोट भरलं. पहिला आषाढ रिकामाच गेला आणि लोक तिला हसले. दुसऱ्यात गवतातून बोटभर पिलं सुळसुळली. "तेवढ्यानं काय होते?" लोक म्हणाले. काय ही बाई! ती आपली शिंगाडे विकत राहिली.

तिसऱ्या आषाढात वारा नसताना काठचं सगळं गवत हलू लागलं. पाणी माद्यांनी नुसतं खळबळत होतं. सारी वस्ती काठावर धावली.

पाटलाने पुनाबाईचं जाळं आणलं आणि हात जोडले. "चुकलं माय. पहिलं जाळं तूच टाक."

तीन वर्षांत तिच्या ताटात मासळी पडली नव्हती. म्हातारीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने जाळं खांद्यावर घेतलं, पाण्याकडे पाहिलं आणि घराकडे वळली.

"टाकीन जी," ती म्हणाली, "पण आषाढ सरू द्या आधी."

तात्पर्य : ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्याची वीण राखणं हीच त्याची खरी पूजा.