पाठीमागची बॅटरी

फोनला एकच कॅमेरा असायचा आणि तरी माणसं बरी दिसायची, त्या काळची गोष्ट. इस्लामपूरच्या वैजयंतीकाकूंच्या फोनमध्ये स्क्रीन आणि बॅटरी पाठीला पाठ लावून राहायच्या. बॅटरी म्हातारी झाली होती. दुपार झाली की तिला धाप लागायची.

"जरा उजेड कमी कर ना बाई, म्हणजे मी संध्याकाळ गाठेन," ती म्हणायची.

"मिणमिणायला मी काय कंदील आहे?" स्क्रीन फणकारायची. "काकूंनी तुला बदलूनच टाकायला हवं."

आणि तसं व्हावं म्हणून एके दिवशी ती सकाळपासून मुद्दाम भगभगत राहिली. दुपारी काकूंची लेक बाळंतपणाची तारीख सांगत होती, नेमका तेव्हाच फोन बंद पडला. काकू तडक दुकानात गेल्या.

"नवी बॅटरी टाकतो, दोन वर्षं बघायला नको," दुकानदार म्हणाला.

"नको हो, रोजची कटकट. आता नवाच फोन द्या."

फोटो नव्या फोनमध्ये घेण्यापुरता जुना फोन चार्ज करून दुकानदाराने तो ड्रॉवरमध्ये टाकला.

"मला फक्त तुला घालवायचं होतं गं," स्क्रीन रडवेली होऊन म्हणाली. "आणि बघ, मीही गेले. चुकलंच माझं."

"असू दे. दोन टक्के उरलेत माझ्यात," बॅटरी म्हणाली. "जन्मभर मी मागेच बसले, काकूंना कधी पाहिलंच नाही. कशा दिसतात त्या?"

स्क्रीन घाईघाईने सांगू लागली. तिने कपाळापासून सुरुवात केली, पण चष्म्यापर्यंत पोचायच्या आतच दोन टक्के संपले.