गेरूच्या खुणा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना नावं नव्हती, नावं असायची ती वाटांना. एका खोल दरीच्या तळाशी एक गाव होतं. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये गाव, पातेल्याच्या बुडाशी राहिलेल्या भातासारखं. तिथली मुलं पहिलं पाऊल टाकायची तेच मुळी चढणीवर.

त्या गावाची एक रीत होती. कुणी नव्या वाटेने एखाद्या माथ्यावर पोचला, की तो वर वाळलं गवत पेटवून धूर करायचा. खाली धूर दिसला की देवळापुढचा नगारा वाजायचा, गूळ वाटला जायचा आणि त्या वाटेला त्या माणसाचं नाव मिळायचं. चढणारा खाली यायच्या आत त्याचा गूळ लोकांच्या पोटात गेलेला असायचा. यात काही चुकतंय असं गावात कुणालाच वाटत नव्हतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हाला वाटतंय का? असू द्या, इतक्यात सांगू नका.

एका वर्षी जमीन हादरली आणि पूर्वेची खिंड दरडीखाली गाडली गेली. डोंगरापलीकडच्या गावाला जायची तेवढी एकच वाट होती. त्या पलीकडच्या गावची लेक सगुणा इथे सून म्हणून आली होती. तिचे म्हातारे वडील तिकडे एकटेच राहत. जमीन हादरली तेव्हा त्यांचं घर उभं राहिलं की पडलं, ते आहेत की नाहीत, काही कळायला मार्ग नव्हता. त्या बाजूला आता उरला होता फक्त काळा कडा. त्यावर आजवर कुणी चढलं नव्हतं.

"मी त्या कड्यावरून वाट काढणार," सगुणा म्हणाली.

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने हसला हैबती. गावातल्या निम्म्या वाटा त्याच्या नावावर होत्या, आणि उरलेल्या निम्म्या आपल्या नावावर का नाहीत, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं. "वहिनी, कडा म्हणजे काय माजघर आहे का?" तो म्हणाला. "माहेरची आठवण आली तर दारात बसून रडा थोडं. बरं वाटेल."

सगुणा रडली नाही. तिने पदर खोचला. तिची चिमुरडी लेक बयो उंबऱ्यात उभी होती. "आई, जा," ती म्हणाली, "पण परत ये." सगुणा म्हणाली, "येईन."

पहिल्या दिवशी सगळे करायचे तसंच तिने केलं. चुन्याची लोटी घेतली आणि चढता चढता दगडांवर पांढऱ्या खुणा करत गेली. पहिला टप्पा गाठला, जरा दम खाल्ला आणि उतरायला म्हणून वळली. बघते तर एकही खूण दिसेना! दगड तेच, पण सगळे अनोळखी. चाचपडत, घसरत, गुडघे फोडून घेत ती कशीबशी खाली आली.

सासूने जखमांना हळद लावली. बाई तोंडाची फटकळ होती, पण हात मऊ होता. "झाली हौस?" तिने विचारलं.

"नाही, आत्याबाई. चूक कळली," सगुणा म्हणाली. "चढताना दगडाचं जे अंग दिसतं, ते उतरताना दिसतच नाही. चुन्याच्या खुणा मला वर नेतात. खाली आणणारी एकही नाही. आणि मी तर बयोला परत येते म्हणून सांगून बसलेय."

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीला लावायचा गेरू घेतला आणि तो पुसू नये म्हणून त्यात डिंक खलला. आता ती थोडं चढायची, वळायची, उतरायची, आणि उतरताना जे अंग समोर येईल त्यावर गेरूचं बोट ओढायची. मग पुन्हा वर. दगडाच्या खालच्या अंगाला पांढरं, वरच्या अंगाला तांबडं. एका अंगाने वर जायचं, दुसऱ्याने घरी यायचं.

हे काम फार हळू चाललं. संध्याकाळी पारावर बसलेले लोक विचारायचे, "काय सगुणाबाई, आज किती चढलात? आणि तेवढंच उतरलात का?" तिला राग यायचा. रागाच्या भरात ती दुसऱ्या दिवशी आणखी लवकर निघायची.

एकदा तिने सासूलाच पहिल्या टप्प्यावर नेलं. "आत्याबाई, मी बोलणार नाही. तुम्ही खुणा बघून एकट्या उतरा."

"माझा जीव घ्यायचा बेत आहे काय गं तुझा?" म्हातारी कुरकुरली. पण लुगडं आवरून तांबडी बोटं बघत बघत ती पार खाली आली. "हॅ! हे तर जिन्यासारखंच आहे की," ती म्हणाली. त्या दिवसापासून पारावर कुणी सुनेची थट्टा केली, की सासू त्याला असं काही सुनवायची की तो पार सोडून घरी जायचा.

अशी वाट वाढत वाढत शेवटच्या टप्प्याच्या पायथ्याला लागली. ते पाहून हैबतीच्या पोटात दुखायला लागलं. एके सकाळी त्याने दोन मित्र घेतले आणि सगुणाच्या वाटेशेजारून, आपली वेगळी वाट धरून, झपाझप चढायला सुरुवात केली. खुणा केल्या त्या चुन्याच्या, चढता चढता. दुपारी माथ्यावर धूर दिसला. नगारा वाजला, गूळ वाटला, आणि काळ्या कड्याची वाट हैबतीची झाली.

मग कड्यावर ढग उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिघांपैकी कुणीही परतलं नव्हतं. ढग तसाच होता. गावातले नावाजलेले चढणारे कड्याखाली उभे राहिले, वर बघून माघारी फिरले. हैबतीची आई सगुणाच्या दारात आली. कालचा गूळ अजून तिच्या हातात होता, फडक्यात बांधलेला.

"नगारा ऐकला गं मी," ती म्हणाली. "पोर काही आलं नाही."

सगुणाने दोर खांद्यावर टाकला, गेरूची लोटी कमरेला बांधली आणि निघाली.

ओळखीचे टप्पे तिने भराभर पार केले. शेवटचा टप्पा मात्र तिलाही नवा होता. वरचं दिसत नव्हतं, खालचं दिसत नव्हतं, दिसत होता तो फक्त हातापुढचा दगड. तरीही तिने आपली रीत सोडली नाही. थोडं चढायचं, वळून बघायचं, गेरूचं बोट ओढायचं, पुन्हा वर. मध्येच पाय निसटला आणि ती दोन्ही हातांवर लोंबकळली. तेव्हा तिला भीती वाटली, खरीखुरी. परत फिरावं असंही वाटलं. पण फडक्यातला तो गूळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने पाय चाचपून पुन्हा रोवला. त्या दगडावर तिने गेरूची दोन बोटं ओढली, पुढच्याने तिथे जपून यावं म्हणून.

माथ्यावर तिघं एकमेकांना चिकटून बसले होते, थंडीने काकडलेले. सगुणाला पाहून हैबती उठला. "वहिनी, माझ्या खुणा कुणीतरी पुसल्या! दहादा शोधल्या. एक सापडत नाही."

"कुणी पुसल्या नाहीत, भावजी. दगडांच्या खालच्या अंगाला आहेत. वर येणाऱ्याला दिसतात."

हैबतीने कडेच्या दगडापलीकडे वाकून पाहिलं; चुन्याची खूण तिथेच होती. मग त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूचा ढग जरासा फाटला. तिकडे सोपा गवताळ उतार होता, आणि त्याच्या पायथ्याशी सगुणाचं माहेर. काही घरं पडलेली, काही उभी. वडिलांचं घर यातलं कुठलं, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. धावत सुटावं असं तिला वाटलं. मागे वळून पाहिलं तर एका मित्राला धड उभंही राहवत नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"आबा, आज नाही," ती त्या घरांकडे बघत म्हणाली आणि तिने दोराचं टोक त्या मित्राच्या कमरेला बांधलं.

एकेक तांबडं बोट शोधत चौघं खाली आले. हैबतीच्या आईने लेकाला पोटाशी धरलं, मोकळेपणी रडली, आणि मग सगळ्या गावासमोर त्याच्या एक थोबाडीत दिली. सगुणा घरी जाऊन बयोला कुशीत घेऊन झोपली.

आभाळ निवळल्यावर ती पुन्हा निघाली. दुपारी माथ्यावर धूर उठला. नगारेवाल्याने सवयीने टिपऱ्या उचलल्या. हैबतीने त्याचा हात धरला.

"थांब. ती अजून घरी आलेली नाही."

त्या दिवशी नगारा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बयो कड्याखालच्या दगडावर बसून राहायची आणि अख्खं गाव काही ना काही निमित्त काढून तिकडे फिरकायचं. गूळ तसाच परातीत होता. कुणी त्याला हात लावला नाही.

मग एके दिवशी कड्यावर हालचाल दिसली. पुढे सगुणा नव्हती. पुढे होता एक म्हातारा, धोतर खोचलेला, दर दगडाकडे वाकून बघणारा, पुटपुटणारा. दोराचं दुसरं टोक धरून सगुणा मागून येत होती, अवाक्षर न बोलता. जन्मात कधी कडा न चढलेला तो माणूस खुणा बघत आपल्या पायांनी खाली आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कुणी पाणी देईल का?" म्हातारा म्हणाला. "आणि हा एवढा गेरू कुणी फासलाय? धोतराचं पार वाटोळं झालं माझ्या!"

सगुणा बयोपुढे वाकली. "आले बघ," ती म्हणाली.

तेव्हा कुठे नगारा वाजला. असा वाजला की पलीकडच्या गावातही ऐकू गेला म्हणतात.

त्यानंतर गावाची रीत बदलली. धूर दिसला की लोक नुसते हात जोडतात आणि वाट बघत राहतात. ज्याने वाट काढली नाही असा कुणी ती उतरून घरी आला, की मगच नगाऱ्यावर टिपरी पडते. हैबतीने तो सगळा हिवाळा गेरूची लोटी घेऊन आपल्या नावाच्या एकेका वाटेवर काढला. आता तो उतरताना खुणा करत होता.

बोध एवढाच: जी दुसऱ्यालाही सुखरूप घरी आणते ती वाट, बाकीची नुसती चढण.