नहरीच्या खांबावरची शिळा

"बाबा, पाणी का येत नाही?"

यशोधरनं पुन्हा विचारलं. नूरशाबाबा दर्ग्याच्या कोरड्या हौदात डोकावत होते.

ही मलिक अंबरनं वसवलेल्या खडकीतली गोष्ट. त्याच्या काळी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांच्या नहरीतून या शहरात आलं. वाटेत जागोजाग पोकळ दगडी खांब. पाणी त्यांत चढायचं, उतरायचं, पुढं जायचं. दर्ग्याकडची नहर मात्र कधीचीच बुजलेली.

यशोधर बाबांचा शिष्य. जुन्या बांधकामाचं शिक्षण घेतलेला, त्याच नादानं झपाटलेला. त्यानं नहर उकरली, नळ सांधले, पडका खांब उभा केला. पोरगा कष्टाळू, वादच नाही. पण डोक्यात हवा गेली होती. आज पाणी येणार म्हणून सगळी वस्ती गोळा करून बसला. बाया सकाळपासून घागरी घेऊन उभ्या.

"खांबापर्यंत येतंय बाबा. कान लावून ऐकलं मी. तिथं अडतंय. एवढ्या लोकांना आता काय तोंड दाखवू?"

"मला काय कळतंय त्यातलं? खांब होता तसाच बांधलास ना?"

"त्याहून चांगला. वरचं तोंड उघडं होतं, त्यावर शिळा बसवली. चुन्यात, पक्की."

"कशाला?"

"पालापाचोळा पडू नये म्हणून..."

"बरं. कोरी शिळा?"

यशोधर हातावरचा चुना खरवडू लागला.

"नाव कोरलंय तिच्यावर," तो शेवटी म्हणाला. "माझं."

"अस्सं. मग हवा निघणार कुठनं?"

बाबा कुठल्या हवेबद्दल बोलले, देव जाणे. यशोधरचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. पहार घेऊन तो खांबावर चढला.

शिळा हलली तशी आतून फुस्सकन हवा सुटली. खांब गुरगुरला. हौदाच्या तोंडातून आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग नितळ, धो धो. बायांनी घागरी टाकून ओंजळी पुढं केल्या. म्हातारे धोतर सावरत हौदात उतरले. यशोधर त्यांच्यात चिंब भिजून हसत होता, रडत होता, दिसेल त्याला मिठी मारत होता. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

मग भानावर येऊन त्यानं ती शिळा उचलून आणली.

"बाबा, शाबूत आहे. आता कुठं बसवू?"

बाबांनी हौदाकाठच्या चिखलात काठी टेकवली.

"इथं. पाय धुवायला. आणि नाव वरच्या अंगाला ठेव, पाय घसरायचा नाही."