मधला टेकू

एकदा एका विद्यापीठाला पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर असलेले कुलगुरू लाभले. उमेदीची वर्षे त्यांनी पूल बांधण्यात घालवली, पुढे अध्यापनात रमले, आणि उतारवयात या खुर्चीत येऊन बसले. खुर्ची मिळाली, तरी जाता-येता भिंतीवर टिचकी मारून पाहण्याची खोड काही सुटली नाही.

त्यांच्या एका शिष्येने भूकंपात घरे का पडतात, याचा अभ्यास करणारे केंद्र विद्यापीठात उभारले होते. प्रत्येक सभेत गुरुजी तिच्या शेजारी बसत, आणि विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देऊन मोकळे होत. विरोधक होतेच, विद्यापीठात नसतील तर कुठे असतील? पण कुलगुरूंपुढे कुणाची टाप नव्हती.

कुलगुरूंच्या निवृत्तीला वर्ष उरले असताना, केंद्र ठेवायचे की गुंडाळायचे, हा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे आला. सभेच्या सकाळी त्यांनी शिष्येला सांगितले, "आज मी नाही येत. प्र-कुलगुरू सभा चालवतील. कुलसचिव आणि वित्त अधिकारी आहेत मदतीला."

ती म्हणाली, "सर, आजच? हवं तर ते दोघं नसू देत, पण तुम्ही या!"

"नाही. आधी मीच बाजूला व्हायला हवं."

ऐन वेळी अंग काढून घेणाऱ्या गुरूचा तिला मनस्वी राग आला. सभेत पहिल्या प्रश्नाला ती अडखळली, सवयीने शेजारी पाहिले, तिथे कोणीच नव्हते. मग मात्र ती बोलू लागली. खर्चाच्या मुद्द्यावर अडली, तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनी सावरले. वादावादी पुष्कळ झाली, पण केंद्र वाचले.

बाहेर येते तो कुलगुरू व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले.

"तुम्ही इथंच होता? मग आत का नाही आलात?" तिचा स्वर चढला.

ते म्हणाले, "टेकू आहेत तोवर स्लॅब पडत नाही, पण त्याची ताकदही कळत नाही. नवखा माणूस भीतीपोटी कडेचे टेकू आधी काढतो आणि मधला ठेवतो. मग स्लॅब त्या एकावरच उलटा वाकतो आणि वरून तडकतो. म्हणून मधला आधी काढायचा, कडेचे मागाहून. तुझ्या केंद्राचा मधला टेकू मी होतो."

"आणि कोसळलं असतं तर?"

"म्हणून तर इथं बसलो. इंजिनिअर साइटवर असतानाच टेकू काढायचे असतात. तडा दिसला तर ते पुन्हा लावता येतात. पुढच्या वर्षी तू कुणाला हाक मारली असतीस?"

ती तशीच केंद्राकडे निघाली. राग पुरता गेला नव्हता.

काही महिन्यांनी केंद्रातल्या एका तरुण संशोधिकेला तज्ज्ञ समितीपुढे आपले काम मांडायचे होते. शिष्येने तिला एकटीलाच आत पाठवले आणि स्वतः दाराबाहेर बसली. आतून त्या मुलीचा अडखळलेला आवाज ऐकू आला. उठून दार ढकलावे, असे तिला फार वाटले. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि बसून राहिली. त्या सभेच्या दिवशी आतल्यापेक्षा बाहेरच्या माणसाचीच परीक्षा अधिक अवघड होती, हे तिला तेव्हा उमगले.